गळ्यात घातलेली कबर

सुमन,

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. लोक विचारतात, "फार वाईट वाटत असेल ना?" वाटतं. पण त्याहून जास्त किळस येते, आणि ती कुणाला सांगता येत नाही. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना गळा दाटून यावा अशी अपेक्षा असते, उमासे येऊन चालत नाही. तुला मात्र सांगता येईल. तू या असल्या अपेक्षांना कधी भीक घातली नाहीस.

पहिल्यापासून सांगते. तुला सगळं माहीतच आहे, पण मी ते कधी सरळ ओळीत मांडलेलं नाही.

म्युझियमच्या तळघरात, बॉयलरच्या खोलीला लागून, आपलं टेबल होतं. लग्न होऊन श्रीकांतबरोबर अमेरिकेत आले आणि ऐंशी साली मी तिथे चित्रं काढायला लागले. मडकी, मणी, हत्यारं, ज्या कशाचा कॅटलॉग करायचा असेल त्याची काळ्या शाईतली रेखाटनं. वर्षभरानं तू आलीस. स्वेटरवर स्वेटर, पायात पुरुषी बूट, हातात शिंपल्यांचा ट्रे. मला वाटलं, मेक्सिकन असशील. मग तू फोनवर कुणाला तरी "हो रे बाप्पा, जेवली मी," म्हणालीस आणि मी खुर्चीतून उठलेच.

"तुम्ही मराठी? कुठल्या?"

"नागपूर. मूळचं भंडारा."

"आडनाव काय?"

तू ट्रे खाली ठेवलास. "मेश्राम. बौद्ध. झालं समाधान?"

माझे कान तापले. तसं नव्हतं विचारायचं, असं काहीतरी मी पुटपुटले. "तसंच विचारायचं होतं," तू म्हणालीस आणि पुढच्याच वाक्यात एकेरीवर आलीस, "पण जाऊ दे. डब्यात काय आणलंस?" मी पुण्याची, सदाशिव पेठेतली, अशी सरळ थोबाडीत आणि लगेच पाठीवर हात, हे मला नवीन होतं. माझी साबुदाण्याची खिचडी आपण दोघींनी खाल्ली. मीठ कमी आहे म्हणालीस. कमी होतंच.

समुद्र तू पहिल्यांदा पाहिलास तो बाविसाव्या वर्षी. त्याआधी फक्त तळी. आईबरोबर तळ्यावर धुणं धुवायला जायचीस आणि चिखलातले शिंपले गोळा करून त्यांच्या रेघा मोजत बसायचीस. मास्तरांनी विचारलं, काय मोजतेस? तू म्हणालीस, "याचं वय." तिथून इथली डॉक्टरेट. एवढंच तू सांगायचीस. मधलं काही विचारलं तर म्हणायचीस, "मधलं तुला झेपणार नाही."

चान चान हे नाव मला तूच दिलंस. एका जुन्या, रीतसर परवानगीनं झालेल्या खोदकामातले तुकडे आपल्याकडे अभ्यासाला आले होते. तेच तुझं काम. डबा खाताना तू सांगत सुटायचीस. पेरूच्या किनाऱ्यावर, एका बाजूला आंदीजचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळवंट, आणि त्या वाळवंटात पाचसहाशे वर्षांपूर्वीचं अख्खं शहर कच्च्या विटांचं. उंच उंच भिंती. भिंतींच्या आत राजे, त्यांची कोठारं, त्यांच्या कबरी. बाहेर कुडाच्या झोपड्यांमध्ये कारागीर.

"आणि हा," असं म्हणून तू तो काटेरी शिंपला माझ्या तळहातावर ठेवलास. आतून दुधासारखा पांढरा, कडेला शेंदरी. "हा त्या शहराच्या समुद्रात जगूच शकत नाही. तिथलं पाणी गार. हा राहतो वर, उत्तरेला, कोमट पाण्यात, शेकडो मैलांवर. माणसं छातीत श्वास भरून तळाशी जायची आणि खडकाला धरून बसलेला हा उपटून आणायची. मग तराफ्यावरून खाली. सोन्याहून याचा मान मोठा. पाऊस याच्यामुळे येतो म्हणायचे. राजा चालायचा त्या वाटेवर याची पूड टाकायचे, अशाही गोष्टी आहेत."

"किती सुंदर," मी म्हटलं.

"सुंदर काय त्यात?"

आपलं भांडण इथून सुरू झालं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. बर्फात तुला गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून हिवाळाभर मी तुला घरी सोडायचे आणि पार्कवेच्या हमरस्त्यावर आपण त्या मेलेल्या कारागिरांवरून भांडायचो. माझं म्हणणं, एवढे बारीक, एकसारखे मणी करायला मनात भक्ती लागते, कामाचा आनंद लागतो. तू भडकायचीस.

"भक्ती? कुणी विचारलं होतं त्यांना? दिवसभर शिंपला घासायचा, ती पूड नाकातोंडात जाणार, छाती भरणार. आणि मणी तयार झाला की तो भिंतीच्या आत. ज्यानं घासला त्याला तो घालायची सोय नाही. झोपड्यांत कचरा सापडतो, नीला. मणी कबरीत सापडतात, राजांच्या."

"म्हणून कामात आनंद नव्हता असं कसं म्हणतेस? मलाही चित्रं काढताना होतो."

"तुझी चित्रं तुला घरी नेता येतात."

येत नव्हती, सुमन. ती म्युझियमची होती. पण तेव्हा मी ते बोलले नाही, कारण तुझं म्हणणं वेगळं होतं आणि ते मला कळत होतं. तुझे वडील आयुष्यभर दुसऱ्यांसाठी धोतरं विणत आले आणि स्वतः फाटक्यात फिरले, हे तू मला एकदाच सांगितलंस, गाडीतून उतरता उतरता, दार लावायच्या आत.

मग मिसेस व्हिटमोरची पेटी आली.

या बाई म्युझियमच्या ट्रस्टी. त्यांच्या आजेसासऱ्यांनी जमवलेला पेरूचा संग्रह त्या म्युझियमला देणार होत्या. त्यांच्या नावाची खोली होणार होती. शिंपल्यांचे हार, बांगड्या, अख्खे शिंपले. सगळं तीन पिढ्या घरात आहे, असं त्यांचं म्हणणं. तू तपासायचं आणि एक कागद द्यायचा, की माल चान चानचा आहे, जुना आहे आणि संशय घ्यावा असं त्यात काही नाही. मी शेजारी बसून चित्रं काढायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू एका बंद शिंपल्यातली माती चिमट्यानं काढत होतीस. आत कागदाचा बोळा निघाला. तू तो ओला करून, सावकाश, काचेवर उलगडलास. स्पॅनिश वर्तमानपत्राचा तुकडा. त्यावर रंगीत टेलिव्हिजनची जाहिरात होती.

"तीन पिढ्या," तू म्हणालीस. हसलीस देखील.

त्यानंतर ती बांगडी काढलीस आणि तुझं हसू गेलं. शेंदरी मण्यांचे चार पदर, कापसाचा दोरा अजून शाबूत. ती पोकळ असायला हवी होती. आत काहीतरी अडकलेलं होतं. तू भिंग लावलंस, बराच वेळ बघितलंस आणि मग भिंग माझ्याकडे दिलंस. बारीक बारीक हाडं, हरभऱ्याएवढी, आणि त्यांना चिकटून वाळलेली कातडी.

"मनगट," तू म्हणालीस. "लहान पोराचं. कुणीतरी घाईघाईनं उपसलंय. बांगडी निघाली नाही म्हणून हातासकट ओढली."

तळघरात बॉयलरचा आवाज येत होता. मला वाटलं तू रडशील. तू हात धुतलेस, टाइपरायटर ओढलास आणि दोन पानी रिपोर्ट लिहिलास. या वस्तू नुकत्याच कबरी फोडून काढलेल्या आहेत. पेरूच्या कायद्यानं त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. म्युझियमनं त्या घेऊ नयेत, आणि त्या सरकारला कळवावं. खाली तुझी सही. त्याखाली माझ्या सहीसाठी आणखी एक रिकामी रेघ: 'पाहणीच्या वेळी हजर'.

डायरेक्टरनं तुला वर बोलावलं, मग मला. त्याच्या टेबलावर तो रिपोर्ट होता. तो रागावला नाही. त्यानं मला कॉफी दिली. म्हणाला, नीला, तू आर्टिस्ट आहेस, तुला यात पडायची काही गरज नाही. आणि मग, अगदी सहज, जसं कुणी टेबलक्लॉथवरच्या डागाबद्दल विचारावं तसं: "ती बांगडी साफ करून घेता येईल का?"

मला तेव्हा ओकारी यायला हवी होती. आली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

खाली आले तर तू वाट बघत होतीस. "तू पाहिलंस की नाही?"

"पाहिलं."

"मग कर ना सही."

"सुमन, मी फक्त चित्रं काढते."

तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. "हो," म्हणालीस. "काढ चित्रं."

आणि मी चित्र काढलं. दुसऱ्या कुणीतरी साफ केलेली ती बांगडी माझ्या टेबलावर आली आणि मी ती काढली. चार पदर, एकेक मणी, दोऱ्याचा पीळ, आतली रिकामी जागा. माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी कधी झालं नव्हतं. कॅटलॉगमध्ये अख्खं पान मिळालं. मला भीती वाटावी असं काहीही नव्हतं, हे लिहायला हवं. श्रीकांतची नोकरी पक्की होती, मला कुणी धमकी दिली नव्हती. मला फक्त त्या वरच्या मजल्यावरच्या लोकांनी चांगलं म्हणायला हवं होतं. एवढ्यासाठी मी ते मनगट पुसलं.

तुझं काँट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. कारण कुणी दिलं नाही, तूही मागितलं नाहीस. कम्युनिटी कॉलेजात बायॉलॉजी शिकवायला लागलीस. मला वाटलं, आता तू बोलायची नाहीस. पण पहिल्याच रविवारी तुझा फोन: "आयसेलिनला त्या इंडियन दुकानात चांगली वांगी आलीयत, येतेस का?" तू मला माफ केलं होतंस की मला शिक्षा म्हणून माझ्याशी चांगली वागत होतीस, ते मी कधी विचारलं नाही. वांगी घेताना तू त्या विषयाचा एक शब्द काढला नाहीस. मी आभार मानले मनातल्या मनात, आणि तेही माझ्या भित्रेपणाचेच आभार होते.

आणखी एक, जे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं की तुला माहीत आहे. सासूबाई सहा महिने राहायला आल्या तेव्हा मी तुला एकदाही घरी बोलावलं नाही. त्या तुझं आडनाव विचारतील आणि मग कपबशी वेगळी ठेवतील, हे मला दिसत होतं. मी स्वतःला सांगितलं, सुमनचा अपमान नको म्हणून. त्या परत गेल्यावर तू आलीस, सोफ्यावर बसलीस आणि म्हणालीस, "काय गं, गेल्या का पाहुण्या? आता कप कुठला देणार?" मी हसले. काय हसले मी! आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या तोंडाचा तिटकारा येतो.

तुझ्या पोटात गाठ निघाली ती गेल्या थँक्सगिव्हिंगला. हॉस्पिटलमध्ये तू डॉक्टरला रिपोर्ट मागून घेतलास आणि पेन्सिलनं त्यातली एक चूक सुधारलीस. केमोनंतर अन्न जात नव्हतं, मी भाताची पेज आणायचे, तू दोन चमचे घ्यायचीस आणि म्हणायचीस, "मीठ कमी." एकदा मी म्हटलं, सुमन, त्या रिपोर्टचं... तू डोळे मिटून घेतलेस. "आता नको. थकली मी." मी लगेच गप्प बसले. फार पटकन बसले.

फ्यूनरल होममध्ये आपली माणसं सात होती. तुझ्या भावाला व्हिसा वेळेवर मिळाला नाही. ट्रंक कॉलवर तो एवढंच म्हणाला, "ताई, आमच्या बाईला एकटं नका पाठवू." रामटेके म्हणून नागपूरचे एक फार्मासिस्ट आहेत, तुझ्या ओळखीचे; ते अडीच तास गाडी चालवून आले. त्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. मला येत नव्हतं, मी मागून ओठ हलवले. महाराष्ट्र मंडळाची माणसं आली नाहीत. त्यांच्या पिकनिकची मीटिंग होती. त्यांच्यातल्या ज्या एकट्या काकू आल्या त्या पार्किंगमध्ये मला हळूच म्हणाल्या, "हे लोक दिवस वगैरे करतात का गं?" मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत राहिले. हेही एक उत्तरच झालं, नाही?

आणि मग म्युझियमनं तुझ्यासाठी सभा घेतली.

वाइन होती, चीज होतं, तुझा फोटो होता. तोच, ज्यात तू कॅमेऱ्यावर वैतागलेली आहेस. फोटोशेजारी ईझलवर माझं चित्र मोठं करून लावलं होतं. ती बांगडी. डायरेक्टर भाषणात तुला 'आमची लाडकी शेल लेडी' म्हणाला, आणि तुझ्या 'निष्ठेमुळेच' हा संग्रह म्युझियमला लाभला, असंही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मिसेस व्हिटमोर माझ्याकडे आल्या. काळा ड्रेस, आणि गळ्यात शेंदरी मण्यांचा तीन पदरी हार. त्या पेटीतलाच. पॉलिश केलेला, सोन्याचा फासा लावलेला. त्यांनी माझा हात हातात घेतला. "काही मी स्वतःसाठी ठेवले होते," त्या म्हणाल्या. "आज मुद्दाम तिच्यासाठी घातले. तिला किती बरं वाटलं असतं, नाही?"

त्यांच्या मानेवर पावडर होती आणि ती घामानं मण्यांच्या खाचांत बसली होती. मला तेवढंच दिसत होतं. कुणाच्या तरी पोराच्या अंगावरून ओरबाडलेलं, आणि त्यात या बाईची पावडर.

"त्यातली हाडं कुणी काढली?" मी विचारलं.

"आय बेग युअर पार्डन?"

मी परत विचारलं, मोठ्यानं, खोलीला ऐकू जाईल असं. माझं इंग्रजी अशा वेळी घसरतं. या वेळी घसरलं नाही. म्हटलं, तुम्ही एक कबर गळ्यात घातली आहे. सुमननं तुम्हाला ते लेखी कळवलं होतं, आणि त्याबद्दल तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला बाहेर काढलं. आणि त्या चित्रात हाडं नाहीत, कारण मी ती कागदावर उतरवली नाहीत.

बाईंचा हात गळ्याकडे गेला. डायरेक्टर आला, माझ्या खांद्याला धरून सगळ्यांना म्हणाला, "नीला फार अपसेट आहे." लोकांनी सहानुभूतीनं माना हलवल्या. एकजण पाणी घेऊन आला. बस, एवढंच झालं. माझं बोलणं त्यांनी त्या पाण्याबरोबर गिळून टाकलं. मी बाहेर येऊन पार्किंगमध्ये, माझ्याच गाडीच्या चाकाशी ओकले.

तुझ्या भावानं तुझी खोली आवरायला मला सांगितलं होतं. चार साड्या, पुस्तकं, कॉलेजच्या तपासायच्या राहिलेल्या उत्तरपत्रिका, एरोग्रामचा गठ्ठा. त्या गठ्ठ्याखाली तो रिपोर्ट होता, कार्बन कॉपी. वरची प्रत म्युझियमच्या फाइलमध्ये नाही. मी दोन वर्षांपूर्वीच बघून ठेवलं होतं आणि कुणाला बोलले नव्हते. कार्बनवर तुझी सही निळसर उमटलेली. खालची रेघ रिकामी.

मी तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि सही केली. पूर्ण नाव, पत्ता, फोन. मग तुझ्याच वहीचा कागद घेतला आणि बांगडी पुन्हा काढली. या वेळी हाडांसकट. मला ती सगळी आठवत होती, सुमन. कुठलं कुठे अडकलं होतं, कातडी कुठल्या मण्याला चिकटली होती, सगळं. चित्र चांगलं आलं नाही. रेषा वाकड्या आहेत. खाली लिहिलं: छापलेलं चित्र खोटं आहे, हे खरं आहे. आणि ते सगळं पेरूच्या न्यूयॉर्कमधल्या वकिलातीला, कॉन्सुलेटला, रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं.

यानं काही फिटत नाही. तू होतीस तेव्हा करायचं ते मी तू नसताना केलं, आता तू मला काही म्हणू शकत नाहीस तेव्हा. म्युझियमची नोकरी जाईल, आणि जाऊ दे म्हणताना मला शूर वाटतं, आणि त्या शूर वाटण्याचीही शिसारी येते. तू हवी होतीस, मला दोन शब्द सुनवायला.

काल दुपारी मी कणीक मळत होते तेव्हा फोन वाजला. पिठाच्या हातानंच उचलला. कॉन्सुलेटमधून एका बाईंचा आवाज, इंग्रजी सावकाश, जपून बोललेलं. रिपोर्ट वाचला म्हणाल्या. दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "डॉक्टर मेश्राम यांच्याशी बोलता येईल का?"

इतक्या दिवसांत तुला डॉक्टर म्हणणारी ही पहिलीच व्यक्ती.

"त्या इथे नाहीत," मी म्हटलं.

"कधी येतील? मी नंतर फोन करते."

 मी फोन दुसऱ्या हातात घेतला. लाइनवर खरखर होत होती.

"त्या वारल्या," मी म्हटलं. "पण पाहणीच्या वेळी मी हजर होते. मला विचारा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "एक मिनिट," त्या म्हणाल्या, "मी लिहून घेते." आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला: ते मूल साधारण किती वर्षांचं होतं?